टाचणीताईंनी उसवलेली गाडी

आमच्या गल्लीत एखादं गुपित सुखरूप ठेवायचं असेल तर ते टाचणीताईंच्या तोंडात ठेवावं. ओठ उघडले तर टाचण्या सांडतील, म्हणून ते सहसा उघडत नाहीत. बाई शिवणकाम करतात. त्यांच्या ओठांत टाचण्या नाहीत असा दिवस मी क्वचितच पाहिला असेल, आणि आमच्या दोन घरांत भिंत एकच असल्यामुळे मी पुष्कळ पाहिलेलं आहे. टाचण्या तोंडात असताना बाईंचं सगळं बोलणं "हं" आणि "अंहं" यांत आटोपतं. गिऱ्हाईक विचारतं, "बाही जरा तोकडी केली तर?" "अंहं." "कंबर थोडी सैल?" "हं." एवढ्या भांडवलावर त्यांनी अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले. मात्र बाई एकेक टाचणी काढून मनगटावरच्या छोट्या उशीत खोचायला लागल्या की समोरच्याने आपल्या चपला कुठे आहेत ते बघून ठेवावं. बाई आता बोलणार असतात.

माझं नेमकं उलट. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमच्या घरातूनच सांगितलं जातं. टाचणीताई मला भोंगा म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे रागावायची सोय नाही.

तर या बाईंच्या मागच्या अंगणात एक गाडी होती. गाडी म्हणजे गाडीचं नुसतं वरचं अंग. गोल मडगार्डं, डोळे वटारलेले दिवे, दारांखाली चढायला रुंद पायफळी आणि वर टोपीसारखं छप्पर. बाईंचे वडील ती भाड्याने चालवत. लोकांना स्टेशनावर सोडायचे, दवाखान्यात न्यायचे, परत आणायचे. पुढे इंजिन गेलं, चाकं गेली, खालचा लोखंडी सांगाडा तर असा गंजला की बोट लावलं तर बिस्किटासारखा चुरा व्हावा. पण वरचा पत्रा ठणठणीत. बाईंनी तो विटांवर चढवून ठेवला होता आणि त्याला अंगाबरोबर कव्हर शिवलं होतं. कव्हर विटलं की नवं. त्या गाडीला माझ्यापेक्षा जास्त कपडे मिळाले आहेत, हे मी आमच्या घरी अनेकदा बोलून दाखवलं. उपयोग झाला नाही.

त्या गाडीची एक गोष्ट होती. ती बाईंनी मला एकदाच सांगितली, टाचण्या काढून. वडिलांनी त्यांच्या दादाला गाडी शिकवली. बाईंना म्हणाले, "तुझे पाय पुरले की तुलाही शिकवतो." बाई मुळात उंचीने बेताच्या. दर वाढदिवसाला सीटच्या अगदी कडेला बसून पाय लांब करून बघायच्या. ज्या वर्षी अंगठा क्लचला टेकला, त्याच वर्षी वडिलांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि गाडी अंगणात येऊन बसली ती बसलीच. बाईंनी मोठेपणी शिकवणीच्या गाडीवर शिकून लायसन काढलं. मुदत संपली की नवं करून आणायचं आणि बटणांच्या डब्यात ठेवायचं. गाडी मात्र कधीच नव्हती. "हे कुणाला सांगायचं नाही हं, भोंगेभाऊ," असं त्यांनी बजावलं. मी कबूल झालो, आणि शब्द पाळलाही. निदान त्यांच्या पायऱ्या उतरेपर्यंत.

आता दादा. माणूस दिलदार, पण हॉटेल काढल्यापासून त्यांना जगातली प्रत्येक वस्तू टेबलासारखी दिसते. एक दिवस ते अंगणात आले, कव्हर बाजूला केलं आणि मडगार्डावर थाप मारली.

"बुटके, मी नवं दालन काढतोय. दारासमोर ओटा बांधणार, त्यावर ही गाडी. छप्पर कापायचं, आत टेबल टाकायचं. लोक बसतील, खातील, फोटो काढतील. बाबांचं नाव होईल."

"अंहं."

"अगं, इथे विटांवर बसून ती काय अंडी घालणार आहे?"

"अंहं."

"हे बघ, गाडी बाबांची. म्हणजे अर्धी माझी."

एक टाचणी बाहेर आली. मग दुसरी. मी खुर्ची आमच्या माडीच्या खिडकीजवळ ओढली, तिच्याखालीच त्यांचं अंगण.

"दादा," बाई म्हणाल्या, "बाबांनी ही गाडी माणसं पोचवायला घेतली होती. त्यांना जेवायला वाढायला नव्हे."

"पोचवायला चाकं लागतात. आहेत?"

"येतील."

"अस्सं! आणि चालवणार कोण?"

"मी."

दादांना हसू आवरेना. "तू? तुझे पाय तरी पुरतात का?"

हे त्यांनी लहानपणापासूनच्या सवयीने म्हटलं. त्यात वाईट काही नव्हतं. पण बाईंचा चेहरा मी वरून पाहिला, आणि मला वाटलं, दादांनी आता चपला शोधाव्यात.

"तुझं दालन कधी उघडतंय?" बाईंनी विचारलं.

"थंडी पडली की."

"त्या दिवशी ही गाडी स्वतःच्या चाकांवर तुझ्या दारात येईल, आणि मी चालवत आणीन. आली, तर पुन्हा छप्पर कापायची गोष्ट काढायची नाही. नाही आली, तर घेऊन जा आणि घाल आत टेबल."

"ठरलं!" दादा म्हणाले.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण खिडकी उघडी, गळा मोकळा. "ताई, ही गाडी रस्त्यावर धावली तर मी मिशी उतरवीन!"

बाईंनी वर पाहिलं. "दादा, भोंग्याने ऐकलं. आता सगळी गल्ली साक्षीदार."

बाईंचा जावई गॅरेजवाला. चांगला हुशार, हल्लीच्या गाड्यांना कॉम्प्युटर लावून त्यांचं काय दुखतंय ते विचारतो. सासूबाईंनी त्याच्यापुढे विषय काढला तेव्हा तो पाना हातात घेऊन नुसता उभा राहिला.

"आई, म्हणजे वरून तुमची जुनी गाडी आणि खालून आजकालचा सांगाडा? इंजिन, ब्रेक, चाकं सगळं नवं?"

"हं."

"म्हणजे आजोबांचं धड आणि नातवाचे पाय."

"बसतं का असं?"

"बसवलं तर बसतं."

"मग बसवा."

त्याची बायको, म्हणजे बाईंची लेक, मागून म्हणाली, "नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा. नंतर तुमचं तुम्ही बघा." जावई शहाणा. नाही म्हणाला नाही.

त्याला एक पिकअप ठाऊक होता. भिंत कोसळून त्याची केबिन चपटी झाली होती, पण खालचा सांगाडा, इंजिन, चाकं सगळं शाबूत. फक्त लांबी जुळायला हवी. त्याने फोन केला, "आई, गाडीच्या पुढच्या चाकाच्या जागेच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या जागेच्या मध्यापर्यंतचं माप घ्याल का?"

"माप घ्यायला मला शिकवता, जावईबापू?"

ते माप घेताना मी डोळ्यांनी पाहिलंय. बाईंनी कव्हर काढलं, गळ्यातली टेप उतरवली आणि पुढच्या मडगार्डावर तिचं टोक धरलं. मग टेप मडगार्डाच्या गोलाईवरून खाली, पायफळीच्या बाकदार कडेवरून पुढे, दाराच्या फुगवट्याला चिकटवत, तळव्याने सपाट करत मागपर्यंत नेली. मधे एकदा गाडीला हलकेच थोपटलं, जणू "श्वास रोखू नका, नेहमीसारखं उभं राहा" असंच सांगत होत्या. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. माझंही माप त्यांनी असंच घेतलंय.

पिकअप आला. जावयाने त्याची चेपलेली केबिन उतरवली, आणि गॅरेजच्या आवारात एक नुसता सांगाडा उभा राहिला: चार चाकं, इंजिन, स्टिअरिंग आणि बांधून ठेवलेली एक सीट. टाचणीताई दुपारी शिवणकाम आवरून तिथे जायच्या आणि तो उघडा सांगाडा आवारात गोल गोल चालवायच्या. पाठीमागे दोन उशा, मनगटावर टाचण्यांची उशी, ओठ मिटलेले. उशा सटकायच्या आणि बाईंचा पाय पेडलवरून निसटायचा. इंजिन आचका देऊन बंद. पुन्हा सुरू. गॅरेजात आलेले लोक आपली गाडी विसरून तिकडेच बघत राहायचे. एकाने विचारलं, "काकू, गाडीचं अंग कुठंय?" काकू म्हणाल्या, "हं." तो बिचारा अजून विचार करत असेल.

मग ट्रायलचा दिवस आला. हा शब्दही बाईंचाच. शिवण पक्की करण्याआधी कपडा अंगावर चढवून बघायचाच, हा त्यांचा नियम. जुनं अंग गॅरेजच्या छताला साखळीने टांगलं होतं. मी, लेक, जावई, पत्रा जोडायला बोलावलेले वेल्डरकाका, सगळे माना वर करून उभे. साखळी खडखडत सुटू लागली. पुढची चाकं पुढच्या मडगार्डांखाली अशी गेली, जसा बाहीत हात जावा. जावयाने अंगठा वर केला. मग मागचा भाग टेकला.

आणि वर केलेल्या माना एकदम खाली वाकल्या.

मागची चाकं मागच्या मडगार्डांखाली नव्हतीच. ती पार मागे, गाडीच्या शेपटाखालून बाहेर डोकावत होती. धाकट्या भावाचा सदरा अंगात घातलेला थोरला जसा दिसेल, तशी ती गाडी दिसत होती.

जावयाने लोखंडी टेप काढली, सरळ ताणून धरली, एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. "आई, तुम्ही माप कसं घेतलंत?"

"जसं घेतात तसं."

"दाखवाल?"

बाईंनी दाखवलं. मडगार्डाच्या गालावरून, पायफळीच्या बाकावरून, दाराच्या पोटावरून, तळव्याने सपाट करत.

"अहो आई, हे सरळ घ्यायचं असतं! हवेतून!"

"हवेतून कसलं माप? टेप अंगाला लागायला नको?"

"आणि शेवटी हे बोटांनी काय केलंत?"

"दोन बोटं सैल धरली. नाहीतर काचतं."

जावई तिथेच टायरवर बसला. "आई, गाडी जेवते का हो? तिला कुठे काचणार होतं?"

मला हसू फुटलं. वेल्डरकाकांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी टेप हळूहळू गुंडाळली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं माप चुकलं होतं, आणि तेही बाबांच्या गाडीचं.

"चूक माझीही आहे," जावई म्हणाला. "लग्नात तुम्ही शिवलेला कोट जसा बसला तसा आजवर कुठला बसला नाही. म्हणून मी परत मोजलंच नाही."

"सांगाडा कापून आखूड करता येईल?"

"येईल. पण असा मधोमध कापलेला सांगाडा तपासणीत पास करत नाहीत. आणि केला तरी माझ्या सासूला मी त्यावर बसवणार नाही."

"दुसरा?"

"थंडी पडायच्या आत? अवघड दिसतंय, आई."

आता ही बातमी दादांच्या कानावर कशी गेली, हे मला विचारू नका. मी त्यांच्या हॉटेलात फक्त कॉफी प्यायला गेलो होतो. दादांना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्यांनी ओट्याला फरशी बसवायला घेतली आणि क्रेनवाल्याला सांगून ठेवलं.

भिंतीपलीकडून शिलाई मशीनचा आवाज यायचा थांबला. मला जेवण जाईना. एरवी त्या खडखडाटाने माझी दुपारची झोप मोडते म्हणून मी किती बोटं मोडली असतील. आता झोप येईना. शेवटी निमित्त म्हणून पोटावर आवळणारी एक पॅन्ट काखेत मारली आणि त्यांच्या दारात उभा राहिलो.

"ताई, जरा वाढवून द्याल?"

"काय वाढवू, पॅन्ट की पोट?"

म्हणजे जीव होता अजून. बाईंनी पॅन्ट उलटी केली, मागची शिवण सर्रकन उसवली आणि मधे घालायला एक तुकडा शोधू लागल्या. तुकडा त्या फटीत धरला, आणि हात थांबला. त्यांनी पॅन्टकडे पाहिलं. माझ्या पोटाकडे पाहिलं. पुन्हा पॅन्टकडे. मग टाचण्या भराभर उशीत गेल्या.

"भोंगेभाऊ, पॅन्ट बसत नाही म्हणून मी तुमचं पोट कापते का?"

"नका हो!"

"मग सांगाडा कशाला कापायचा? कपडा आखूड झालाय. कपडा उसवायचा!"

आणि उसवलेली पॅन्ट माझ्या हातात कोंबून बाई गॅरेजकडे निघाल्या. ती पॅन्ट अजून तशीच आहे. मी मागितलेली नाही. तिने मोठं काम केलंय.

जावयाला कल्पना पटली, पण त्याचा धीर होईना. "आई, म्हणजे गाडी मधे कापायची? छपरापासून तळापर्यंत? बाबांची गाडी?"

त्या गाडीवर कावळा बसलेलाही बाईंना खपत नसे. त्यांनी शिवणाचा निळा खडू घेतला. पुढच्या आणि मागच्या दारामध्ये जो खांब असतो, तिथे आल्या. "जोड द्यायचा तो अशा जागी, जिथे डोळा आधीच थांबतो. इथे." एका दमात त्यांनी छपरावरून खाली पायफळीपर्यंत रेघ ओढली. हात जरासुद्धा हलला नाही. मग मडगार्डावर तळवा ठेवून उभ्या राहिल्या, दात काढताना लेकराचा हात धरतात तशा, आणि म्हणाल्या, "कापा."

कटर किंचाळला. ठिणग्या उडाल्या. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा गाडीचे दोन भाग झाले होते आणि बाई कापलेल्या कडेवरून बोट फिरवत होत्या, कापडाचा पोत बघावा तसं.

दोन्ही भाग सांगाड्यावर आपापल्या चाकांवर बसवले. मधे एक फट राहिली. तिथे सरळ पट्टी ठोकली असती तर जखमेवर चिकटपट्टी लावल्यासारखी दिसली असती, कारण छपराची गोलाई वेगळी, दाराचा फुगवटा वेगळा आणि खाली पायफळीचा बाक तिसराच. बाईंनी त्या फटीवर जाड कोरं कापड पसरलं, टाचण्यांऐवजी लोहचुंबक लावले आणि वरून खाली कापड बसवत गेल्या. इथे चुणी, तिथे चिमटा, इथे जरा ताण. कापड उतरवलं तेव्हा ती गाडीच्या अंगाची तंतोतंत कातडी झाली होती. तिच्यावरून वेल्डरकाकांनी पत्रा कापला आणि वाकवला.

"सुलट बाजू कुठली?" काकांनी विचारलं.

"खडूची खूण आत."

"मी जन्मभर दारं-खिडक्या जोडल्या, बाई. पत्र्याला अस्तर लावायचं तेवढं राहिलंय."

"तेही लावणार आहे. थांबा."

पक्कं जोडायच्या आधी बाईंनी काकांना थोडथोड्या अंतरावर नुसते ठिपके मारायला लावले, कच्च्या शिलाईसारखे. गाडी आवारात फिरवून आणली, दारं उघडून लावून बघितली, एका ठिकाणी केसभर ओढ वाटली तर ठिपके तोडून पुन्हा लावले. यावेळी लोखंडी टेप जावयाच्या हातात होती, सरळ, हवेतून, आणि बाईंची टेप अंगावरून. दोन्ही मापं जुळली तेव्हाच पक्का टाका.

गाडी उभी राहिली. आधीपेक्षा जरा लांब आणि, खरं सांगायचं तर, आधीपेक्षा जास्त रुबाबदार. जोड खांबात असा विरला की मला माहीत असूनही सापडेना. बाईंनी आत अस्तर लावलं, सीटा शिवल्या, रंगाऱ्याने गर्द हिरवा रंग दिला. आणि चावी फिरवली, तर गाडी बोंबलायला लागली. टुं टुं टुं टुं.

"हिला काय झालं?"

"दार उघडं आहे म्हणतेय," जावई म्हणाला. "नव्या गाड्यांच्या दारांत खटका असतो, दार लागलं की गाडीला कळतं. या जुन्या दारांत तो नाही. थांबा, मी तार जोडून तिला फसवतो. दारं लागलीच आहेत असं तिला कायमचं वाटेल."

"फसवायचं कशाला? खरंच उघडं राहिलं तर कळायला नको?" बाई घरी गेल्या आणि बटणांचा डबा घेऊन आल्या. झग्याच्या पाठीला लावतात ती धातूची मोठी टिचबटणं. अर्धं दाराला, अर्धं चौकटीला, मागे तार. दार लावलं की टिच्च. टुं टुं बंद. चारही दारांना चार. आता गाडी खोटंही बोलत नाही आणि बोंबलतही नाही. हे गुण सगळ्यांत असते तर किती बरं झालं असतं, असं आमच्या घरातून माझ्याकडे बघत म्हणण्यात आलं.

तपासणीला नेण्याच्या आधी जावयाने सासूबाईंना स्टिअरिंगमागे बसायला सांगितलं. त्या नेहमीच्या दोन उशा घेऊन आल्या.

"उशा नको, आई. नुसत्या बसा."

"मग पाय कसे..."

"बसा तर खरं."

बाई बसल्या. पाठ सीटला टेकलेली. पाय पुढे केले आणि ते पेडलांवर जाऊन थांबले. तिन्ही पेडलं त्याने सीटकडे सरकवून, वर जाड लाकडी ठोकळे पक्के बोल्ट मारून बसवले होते.

"पुरतात का?" त्याने विचारलं.

टाचण्या तोंडात नव्हत्या, तरी बाईंनी उत्तर पायांनीच दिलं. क्लच दाबला, सोडला. ब्रेक दाबला, सोडला. मग काचेतून माझ्याकडे बघितलं. पाय पुरण्याची गोष्ट जावयाला सांगणारा जगात एकच माणूस असू शकत होता.

"भोंगा," त्या म्हणाल्या.

आयुष्यात मला फारसे मानसन्मान मिळाले नाहीत, त्यामुळे मी हाच जपून ठेवलाय.

तपासणीचा अधिकारी गाडीभोवती फिरला. खाली वाकून पाहिलं, वर छपराकडे पाहिलं, पुन्हा खाली वाकला. ब्रेक तपासले, दिवे, पट्टे, धूर. "वरून जन्म कधीचा आणि खालून कधीचा?" त्याने विचारलं. जावयाने दोन्हींचे कागद पुढे केले. सांगाडा अखंड आहे ना, याची त्याने दोनदा खात्री केली. मग म्हणाला, "हिचा पत्रा कुठे वाढवलाय म्हणता? मला दिसत नाही." बाईंनी नुसतं "हं" केलं. इतका तृप्त हं मी आधी ऐकला नव्हता. गाडी पास!

संध्याकाळी गाडी गल्लीत शिरली. मी दार लावून घेत होतो, पण उशीर झाला. बाई काच खाली करून म्हणाल्या, "भोंगेभाऊ, मिशी."

"ताई, कायद्याने बघायला गेलं तर ही काही ती गाडी नाही. अर्धी नवी आहे."

गल्ली जमली होती. बाईंनी कपडे बेतायची मोठी कात्री काढली आणि काचेतून बाहेर धरली. "अर्धी ना? मग अर्धीच मिशी द्या. कुठली बाजू?"

मी घरात जाऊन पूर्ण उतरवली. आरशात एक अनोळखी, भोळसट माणूस दिसला. आमच्या घरातून पसंती कळवण्यात आली.

थंडी पडली. दादांच्या दालनाच्या दिवशी मी, जावई आणि लेक मागच्या सीटवर होतो. बाई पुढे, ताठ, ओठांत टाचण्या. गाडी चालवताना कशाला, असं लेकीने विचारलं, तर "अंहं." मला वाटतं, त्या असल्याशिवाय बाईंना गर्दीत उघडं उघडं वाटत असावं. चौकात गाड्या थांबल्या. एका म्हाताऱ्याने काठी वर करून आमच्याकडे बघितलं आणि हात हलवला, जणू या गाडीने त्याला अजून स्टेशनावर सोडायचं राहिलं होतं. बाईंनी हॉर्न दिला. जुनाच हॉर्न, रबरी फुग्याचा.

हॉटेलसमोर ओटा तयार होता. चकचकीत फरशी, कुंड्या, एका बाजूने गाडी चढवायला उतार आणि पाटी: आमच्या वडिलांची आठवण. क्रेनही येऊन उभी होती. दादा नवा कोट घालून पाहुण्यांशी बोलत होते. हॉर्न ऐकला आणि ते तोंड वळवायचंच विसरले. मग वळले.

बाईंनी वेग कमी केला, पहिल्या गिअरमध्ये उतार चढला आणि गाडी ओट्यावर, कुंड्यांच्या बरोबर मधे नेऊन उभी केली. एकही कुंडी हलली नाही. टिच्च करून दार उघडलं नाही. नुसती काच खाली झाली. टाचण्या एकेक करून मनगटावर गेल्या.

"दादा, एक कॉफी. इथेच आण. पिऊन निघते."

पाहुण्यांना वाटलं, हा समारंभाचाच भाग आहे. टाळ्या पडल्या. दादांनी कुणा पोऱ्याला सांगितलं नाही. स्वतः ट्रे घेऊन आले. बाई कॉफी पीत होत्या, तेवढ्यात दादा गाडीभोवती फिरले. जोड शोधत होते, हे मला कळलं. मडगार्डावर हात फिरवला. दिव्यांवर. मग पाटीकडे पाहिलं, आणि स्वतःच ती उपटून भिंतीला टेकवून ठेवली.

"बुटके," ते काचेशी येऊन म्हणाले. "पाय..."

"पुरतात," बाई म्हणाल्या. "बस, दाखवते."

दादा पुढच्या सीटवर बसले. क्रेनवाल्याने विचारलं, "साहेब, माझं काय?" दादा म्हणाले, "कॉफी पी आणि जा." बाईंनी गाडी उतारावरून मागे घेतली, वळवली आणि रस्त्याला लावली. दादांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.

"अगं हळू! समोर सायकल! बुटके, ब्रेक!"

"दादा, बाबांनी शिकवलंय ना तुला? मग गप्प बसायचंही शिकवलं असेल."

दादांनी पाय मागे घेतला. मग हसायला लागले. मग आम्ही सगळेच. टाचणीताई सोडून. त्यांनी कोपऱ्यावर गिअर बदलला आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर अशी सुटली, की मला नसलेल्या मिशीवरून हात फिरवावासा वाटला.

तो ओटा आजही हॉटेलसमोर रिकामा आहे. फरशी रोज पुसतात. गिऱ्हाइकं विचारतात, इथे काय ठेवायचं होतं? दादा मोठ्या दिमाखात सांगतात, "आमच्या वडिलांची गाडी. आत्ता नाही इथे. बहीण माणसं पोचवायला घेऊन गेलीय."